कॅरल जँच

कॅरल जँच (जन्म : १९८५) या अमेरिकन ट्यूबावादक आहेत. मिशिगन विद्यापीठात पदवीच्या अखेरच्या वर्षात शिकत असतानाच, २००६ साली, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात प्रमुख ट्यूबावादक म्हणून त्यांची निवड झाली. त्या वेळी त्यांचे वय वीस-एकवीस वर्षांचे होते. अमेरिकेतील अग्रगण्य वाद्यवृंदात ट्यूबावादकाची कायम जागा मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. वाद्यवृंदातील वादनाबरोबरच एकल वादन, ट्यूबासाठी नव्या रचनांचे पहिले प्रयोग आणि अध्यापन या क्षेत्रांतही त्यांचे कार्य आहे. मायकेल डॉर्टी आणि विन्टन मार्सॅलिस या संगीतकारांच्या ट्यूबा कन्चेर्टोंचे पहिले वादन त्यांनी केले.

ट्यूबा आणि वाद्यवृंदातील त्याचे स्थान

जँच यांच्या निवडीचे महत्त्व समजण्यासाठी या वाद्याची थोडी ओळख आवश्यक आहे. ट्यूबा हे पितळी वाद्यांच्या कुळातील सर्वांत मोठे आणि सर्वांत खालच्या स्वरांचे वाद्य होय. रोमन सैन्यात वाजवल्या जाणाऱ्या सरळ, लांब तुतारीला लॅटिन भाषेत ट्यूबा म्हणत. आजच्या वाद्याने त्या तुतारीचे केवळ नाव घेतले आहे. रूपात काहीच साम्य नाही. व्हिल्हेल्म व्हीप्रेख्ट हे प्रशियाच्या लष्करी बँडचे प्रमुख आणि योहान गोटफ्रीड मॉरित्स हे बर्लिनचे वाद्यनिर्माते या दोघांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी पाच व्हॉल्व्ह असलेल्या बेस ट्यूबाचे पेटंट घेतले. म्हणजे व्हायोलिन किंवा बासरीच्या मानाने हे वाद्य अगदी अलीकडचे आहे. मोत्झार्ट व बेथोव्हेन यांच्या रचनांत ट्यूबा नाही, याचे कारण त्यांच्या काळात तो जन्मालाच आला नव्हता. त्यापूर्वी खालच्या स्वरांचे काम सर्पेंट नावाचे नागमोडी आकाराचे वाद्य आणि पुढे ऑफिक्लाइड हे चाव्यांचे पितळी वाद्य करीत असे. बेर्लिओझ याने आपली ‘सिंफनी फँटास्टिक’ प्रथम याच वाद्यांसाठी लिहिली होती; आता ते भाग ट्यूबावर वाजवले जातात.

महाराष्ट्रातील वाचकाला या कुळाचा आवाज अगदीच अनोळखी नाही. पोलीस बँडमध्ये किंवा लग्नाच्या वरातीत अंगाभोवती वेटोळे घालून खांद्यावर घेतलेले, डोक्यावर मोठा कर्णा असलेले वाद्य दिसते. ते सूझाफोन, म्हणजे चालत वाजवता यावा म्हणून घडवलेला ट्यूबाच होय. वाद्यवृंदातील ट्यूबा मात्र मांडीवर किंवा खुर्चीवर टेकवून बसून वाजवतात. त्याचे वजन सामान्यतः दहा किलोग्रॅमच्या आसपास असते. अमेरिकन वाद्यवृंदांत प्रचलित असलेल्या ‘सी’ ट्यूबाची नळी सरळ केली तर ती सुमारे १६ फूट, म्हणजे पावणेपाच मीटरहून अधिक लांब भरेल. वरच्या स्वरांतील भागांसाठी सुमारे १२ फूट नळीचा लहान ‘एफ’ ट्यूबा वापरला जातो. त्यामुळे वादकाला दोन्ही वाद्यांवर हुकमत ठेवावी लागते.

वाद्यवृंदात पहिले आणि दुसरे व्हायोलिन मिळून तीसेक वादक बसतात. ट्यूबावादक मात्र साधारणपणे एकच असतो. त्याला सतत वाजवायचेही नसते. द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ या नवव्या सिंफनीत ट्यूबाला केवळ दुसऱ्या भागात, तेही मोजकेच स्वर आहेत. बाकी वेळ वादक हात जुळवून बसतो. परंतु जे वाजते ते उघडे पडते. खालचा स्वर किंचित घसरला तर त्यावर उभी असलेली ट्राँबोन आणि हॉर्न यांची सारी स्वरसंगती घसरते. पुढच्या रांगेतील व्हायोलिनवादकाची चूक शेजाऱ्यांच्या आवाजात विरून जाऊ शकते. ट्यूबावादकाला ती सोय नाही.

एका वाद्यवृंदात एकच जागा आणि ती मिळालेला वादक तीन-तीन दशके तेथेच राहतो, अशी स्थिती असल्याने मोठ्या वाद्यवृंदातील ट्यूबाची जागा क्वचितच रिकामी होते. ती झाली की देशभरातील वादक अर्ज करतात. विद्यार्थ्याने ती जागा मिळवणे ही गोष्ट त्यामुळेच असामान्य ठरते, मग तो विद्यार्थी असो वा विद्यार्थिनी.

बालपण आणि शिक्षण

जँच यांचे बालपण ओहायो राज्यात, संगीताचे वातावरण असलेल्या कुटुंबात गेले. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांनी पियानोचे शिक्षण सुरू केले आणि नवव्या वर्षी युफोनियम हे वाद्य हाती घेतले. युफोनियम हा ट्यूबाचा धाकटा भाऊ म्हणता येईल. आकार लहान, आवाज मऊ आणि पल्ला ट्यूबाहून एक सप्तक वरचा. पुढे त्या ट्यूबाकडे वळल्या. अनेक ट्यूबावादकांचा प्रवास याच वाटेने होतो. लहान मुलाच्या फुप्फुसांना व हातांना युफोनियम पेलते, आणि ओठांच्या कंपनाने स्वर काढण्याचे मूळ तंत्र दोन्हींत सारखेच असते.

माध्यमिक शिक्षणासाठी त्यांनी मिशिगन राज्यातील इंटरलॉकन आर्ट्स अकॅडमी या कलांना वाहिलेल्या निवासी शाळेत प्रवेश घेतला. या शाळेत नेहमीच्या विषयांबरोबर संगीत, नाट्य, नृत्य, चित्रकला यांचे व्यावसायिक पातळीवरील शिक्षण दिले जाते. जँच या आपल्या वर्गात गुणानुक्रमे दुसऱ्या आल्या. सलामीचे भाषण करण्याचा मान अमेरिकन शाळांत अशा विद्यार्थ्याला मिळतो. वाद्यावर रोज कित्येक तास देणारे मूल अभ्यासात मागे पडतेच असे नाही, याचे हे एक उदाहरण म्हणून नोंदवण्यास हरकत नाही.

त्यानंतर मिशिगन विद्यापीठात त्यांनी फ्रिट्झ केन्झिग या नामवंत शिक्षकाकडे शिक्षण घेतले. केन्झिग यांच्या हाताखालून अनेक वादक वाद्यवृंदांत व विद्यापीठांत गेले आहेत.

फिलाडेल्फियातील निवड

फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची स्थापना १९०० साली झाली. लिओपोल्ड स्टोकोव्हस्की आणि यूजीन ऑर्मंडी या दोन संचालकांच्या दीर्घ कारकिर्दींत या वाद्यवृंदाला भरदार, मखमली नादाची अशी काही ख्याती लाभली की ‘फिलाडेल्फिया साउंड’ असा शब्दप्रयोगच रूढ झाला. १९७२ पासून तीन दशकांहून अधिक काळ पॉल क्रिझविकी हे तेथे प्रमुख ट्यूबावादक होते. त्यांच्या निवृत्तीनंतर जी जागा रिकामी झाली, ती २००६ साली जँच यांना मिळाली. त्या काळी क्रिस्टोफ एशेनबाख हे वाद्यवृंदाचे संगीत संचालक होते.

अमेरिकन वाद्यवृंदांतील निवड चाचणीची पद्धत आपल्याकडील मुलाखतीपेक्षा फार वेगळी आहे. उमेदवाराला प्रसिद्ध रचनांतील ट्यूबाचे ठरावीक उतारे वाजवावे लागतात. वाग्नरच्या ‘डी माइस्टरझिंगर’ या संगीतिकेच्या पूर्वरंगातील प्रदीर्घ चाल आणि ‘राइड ऑफ द व्हाल्कीरीज’, बेर्लिओझचा ‘हंगेरियन मार्च’, माहलरच्या पहिल्या सिंफनीच्या तिसऱ्या भागातील मृदू एकल ओळ, प्रोकोफिएव्हची पाचवी सिंफनी हे उतारे बहुतेक चाचण्यांत असतात. मुसॉर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ची राव्हेलने १९२२ साली वाद्यवृंदासाठी मांडणी केली. त्यातील बैलगाडीचे चित्र उभे करणारा ‘बिड्वो’ हा भाग ट्यूबासाठी इतक्या उंच स्वरांत आहे की तो वाजवताना अनेकजण युफोनियम हाती घेतात. हे उतारे प्रत्येक ट्यूबा विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. त्यामुळे परीक्षकांपुढे प्रश्न ‘येते का’ हा नसतो. लय कितपत काटेकोर आहे, स्वर कितपत खरा आहे आणि शंभराव्या वेळी ऐकलेल्या त्याच ओळीत संगीत उरले आहे का, हे ते पाहतात.

याहून महत्त्वाची बाब पडद्याची. उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावलेला असतो, उमेदवाराला नावाऐवजी क्रमांक दिला जातो आणि त्याने बोलायचे नसते. पावलांच्या आवाजावरून स्त्री-पुरुष ओळखू येऊ नये म्हणून कित्येक ठिकाणी जमिनीवर गालिचा अंथरतात किंवा बूट काढायला सांगतात. बॉस्टन सिंफनीने १९५२ साली अशा पद्धतीचा अवलंब केला आणि १९७०च्या दशकापासून ती अमेरिकेत सर्वदूर पसरली. क्लॉडिया गोल्डिन (पुढे अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी) आणि सेसिलिया राउझ यांनी अमेरिकन वाद्यवृंदांच्या जुन्या निवडनोंदी तपासून २००० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पडद्यामुळे स्त्री उमेदवार पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता लक्षणीय वाढते, असे त्यांनी मांडले. या निबंधातील काही निष्कर्षांना आधार देणारी आकडेवारी तोकडी असल्याची टीका नंतर संख्याशास्त्राच्या जाणकारांनी केली आहे. ती टीका लक्षात घेतली तरी अमेरिकन वाद्यवृंदांतील स्त्रियांची संख्या त्याच काळात झपाट्याने वाढली, हे वादातीत आहे.

‘पहिली महिला’ हे बिरुद

जँच यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात ‘मोठ्या वाद्यवृंदातील पहिली महिला ट्यूबावादक’ असा उल्लेख सरसकट आढळतो. तो योग्य मर्यादेत वाचणे आवश्यक आहे. अन्यथा त्यांच्यापूर्वीच्या एका मोठ्या कलावतीवर अन्याय होतो.

कॉन्स्टन्स वेल्डन (१९३२–२०२०) या फ्लोरिडातील ट्यूबावादक. १९५५ साली आर्थर फीडलर यांच्या संचालनाखालील बॉस्टन पॉप्सच्या दौऱ्यात त्या ट्यूबा वाजवत होत्या. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर १९५७ साली त्या ॲमस्टरडॅमला गेल्या आणि तेथील विख्यात कॉन्सर्टखेबाउ ऑर्केस्ट्रात, शिक्षक आजारी असताना, त्यांच्या जागी हंगामी प्रमुख वादक म्हणून बसल्या. पुढे नॉर्थ कॅरोलायना सिंफनी आणि कॅन्सस सिटी फिलहार्मोनिक येथेही त्यांनी वादन केले. १९६०पासून त्या मायामी विद्यापीठात शिकवू लागल्या. केवळ ट्यूबांचा समूह उभारून त्याला अभ्यासक्रमात स्थान देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. एम्पायर ब्रास या प्रसिद्ध पंचकाचे सॅम पिलाफियन हे त्यांचे विद्यार्थी. अर्थात वेल्डन यांनी जे केले ते पन्नास वर्षे आधी, पडद्याची सोय नसताना केले. जँच यांचे वेगळेपण असे की, अमेरिकेतील पहिल्या फळीच्या वाद्यवृंदात खुल्या स्पर्धेतून कायम प्रमुखपद मिळवणारी त्यांच्याआधी कोणी स्त्री नव्हती. वेल्डन यांचा कॉन्सर्टखेबाउमधील काळ आणि जँच यांची नेमणूक यांत जवळजवळ अर्धे शतक गेले. हे अंतर या वाद्याच्या इतिहासात दोघींच्या नावांइतकेच बोलके आहे.

फिलाडेल्फियापुरते बोलायचे तर या वाद्यवृंदाला स्त्री कलावतीचे वावडे नव्हते, निदान एका वाद्याच्या बाबतीत नव्हते. एडना फिलिप्स यांना स्टोकोव्हस्की यांनी १९३० साली हार्पवादक म्हणून नेमले. एखाद्या मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदात प्रमुखपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी होत. मात्र हार्प हे वाद्य ‘बायकांचे’ समजले जाई. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९९७ साली स्त्रियांना सदस्यत्वाचे दार उघडले तेव्हाही पहिली सदस्य हार्पवादकच होती. पितळी वाद्यांकडे पाहण्याची दृष्टी वेगळी होती. हेलन कोटास यांनी १९४१ साली शिकागो सिंफनीत प्रमुख हॉर्नवादकाचे पद मिळवले, परंतु असे अपवाद विरळ.

पितळी वाद्ये व स्त्रिया यांविषयीचा पूर्वग्रह किती खोलवर होता, हे म्युनिक फिलहार्मोनिकमधील ॲबी कोनंट यांच्या प्रकरणावरून कळते. कोनंट या अमेरिकन ट्राँबोनवादक. १९८० साली त्यांना मिळालेले चाचणीचे निमंत्रण ‘श्रीयुत’ असे संबोधून आले होते. चाचणी पडद्याआडून झाली आणि ३३ उमेदवारांतून परीक्षकांनी त्यांना निवडले. पडदा दूर झाल्यावर मात्र संचालक सर्जिउ चेलिबिडाके यांना ही निवड रुचली नाही. वर्षभरानंतर त्यांना प्रमुखपदावरून दुसऱ्या जागेवर उतरवण्यात आले. न्यायालयीन लढ्यात त्यांना आपल्या फुप्फुसांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागली. पद आणि समान वेतन यांसाठीचे हे भांडण १९९३पर्यंत चालले. ते त्यांनी जिंकले. परंतु उमेदीची वर्षे न्यायालयात गेली ती गेलीच. जँच फिलाडेल्फियाच्या चाचणीला बसल्या तेव्हा या निकालाला अवघी तेरा वर्षे झाली होती.

श्वासाचा प्रश्न

ट्यूबा वाजवण्यास धिप्पाड शरीर व प्रचंड छाती लागते, हा या पूर्वग्रहामागचा शास्त्राच्या नावाखाली दिला जाणारा आधार. तो तपासून पाहण्यासारखा आहे. ट्यूबाला हवा पुष्कळ लागते, हे खरे. खालचा स्वर मोठ्याने धरला तर पूर्ण भरलेली छाती काही सेकंदांत रिती होते. परंतु ही हवा कमी दाबाने वाहते. ट्रंपेटच्या वरच्या स्वरांना लागणारा दाब येथे नसतो. जोर लावून उपयोग होत नाही. उलट ताठरलेले शरीर श्वास अडवते. त्यामुळे केव्हा, किती लवकर आणि संगीताचे वाक्य न तोडता कोठे श्वास घ्यायचा, याची योजना हेच या वाद्याचे खरे कौशल्य ठरते. आपल्याकडील बासरीवादक किंवा ख्यालगायक यांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

या मुद्द्याचा सर्वांत चांगला पुरावा एका पुरुष वादकानेच दिला आहे. १९४४ ते १९८८ या काळात शिकागो सिंफनीत ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स हे विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी ट्यूबाशिक्षक मानले जातात. प्रौढ वयात त्यांना दमा होता आणि फुप्फुसांची क्षमता घटलेली होती. तरीही त्यांच्या वादनातील भरदारपणा कमी झाला नाही. ‘गीत आणि वारा’ अशा दोन शब्दांत त्यांची शिकवण सांगितली जाते. मनात सूर गात राहायचे आणि हवा मोकळी वाहू द्यायची, एवढाच तिचा अर्थ.

जेकब्स यांचे नाव येथे घेण्याचे आणखी एक कारण आहे. १९३०च्या दशकात स्टोकोव्हस्की यांना वाद्यवृंदाचा पाया ऑर्गनसारखा घुमावा असे वाटत होते. त्यासाठी फिलाडेल्फियाचे तेव्हाचे ट्यूबावादक फिलिप डोनाटेली यांच्याकरिता मिशिगनमधील यॉर्क कंपनीने एक भला मोठा ट्यूबा घडवला. डोनाटेली यांना तो अंगलट वाटला आणि तो त्यांनी कर्टिस संस्थेत शिकणाऱ्या तरुण जेकब्सला १७५ डॉलरला विकला. तो शिकागोला गेला आणि इतका गाजला की पुढील काळातील अनेक उत्तम ट्यूबा त्याच्याच नमुन्यावर बनले. फिलाडेल्फियासाठी घडलेल्या वाद्याची कीर्ती शिकागोने मिळवली, ही या शहराची जुनी खंत म्हणावी लागेल.

एकल वादन आणि नव्या रचना

वाद्यवृंदातील एखादी जागा मिळाली की स्थैर्य येते. पण ट्यूबावादकाची पुढची अडचण तेथेच सुरू होते : वाजवायचे काय? पियानो किंवा व्हायोलिनवादकासमोर तीन शतकांचे भांडार असते. ट्यूबासाठी एखाद्या थोर संगीतकाराने लिहिलेला पहिला महत्त्वाचा कन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, १९५४ साली आला. तो राल्फ व्हॉन विल्यम्स यांचा. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे ट्यूबावादक फिलिप कॅटलिनेट यांनी १३ जून १९५४ रोजी जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली तो सादर केला. पुढच्याच वर्षी पॉल हिंडेमिट यांचा ट्यूबा आणि पियानोसाठीचा सोनाटा आला. याआधी सर्वसामान्य श्रोत्याच्या मनात ट्यूबा म्हणजे ढुम-ढुम करणारे काहीसे विनोदी वाद्य हीच प्रतिमा होती. १९४५ सालची ‘टबी द ट्यूबा’ ही मुलांसाठीची संगीतकथा याच प्रतिमेवर बेतलेली आहे. सुरेल चाल कधीच वाट्याला येत नाही म्हणून दुःखी असलेल्या ट्यूबाची ती गोष्ट. गोष्ट मुलांची, पण तक्रार खरी होती.

जँच यांच्या एकल कारकिर्दीचा रोख ही तक्रार दूर करण्याकडे आहे. त्यांचा ‘कॅस्केड्स’ हा एकल ध्वनिमुद्रणांचा संग्रह २००९ साली प्रसिद्ध झाला. इतर वाद्यांसाठी लिहिलेल्या, चपळाईची कसोटी पाहणाऱ्या रचना ट्यूबावर वाजवून दाखवण्याचा प्रयत्न त्यात आहे. अशा रूपांतरांना चमत्कृतीचा वास येण्याचा धोका असतो, हे मान्य केले पाहिजे. व्हायोलिनची धावती सुरावट ट्यूबावर निघते एवढ्यानेच श्रोता थक्क होतो आणि संगीत बाजूला राहते. यापेक्षा मोलाचे काम म्हणजे या वाद्याचा स्वभाव ओळखून नव्याने लिहिलेल्या रचना.

मायकेल डॉर्टी हे मिशिगन विद्यापीठात रचनाशास्त्र शिकवणारे संगीतकार. त्यांचा ‘रिफ्लेक्शन्स ऑन द मिसिसिपी’ हा ट्यूबा कन्चेर्टो टेंपल विद्यापीठाने लिहवून घेतला. २०१३ साली फिलाडेल्फियातील किमेल सेंटरमध्ये, त्या विद्यापीठाच्या विद्यार्थी वाद्यवृंदासह जँच यांनी त्याचे पहिले वादन केले. ‘मिस्ट’, ‘फ्यूरी’, ‘प्रेअर’ आणि ‘स्टीमबोट’ असे त्याचे चार भाग असून त्यांत धुक्यातील पहाट, नदीचा कोप, प्रार्थना आणि जुन्या वाफेच्या बोटींचा थाट यांची चित्रे आहेत. महानदीच्या संथ, खोल प्रवाहाला ट्यूबाचा आवाज किती शोभतो, हे ऐकल्यावरच कळते. आल्बनी सिंफनी आणि संचालक डेव्हिड ॲलन मिलर यांच्यासह जँच यांनी केलेले या रचनेचे ध्वनिमुद्रण नॅक्सोस कंपनीने प्रसिद्ध केले आहे. त्याच संग्रहात डॉर्टी यांच्या आणखी दोन कन्चेर्टोंचे वादन बासरीवादक एमी पोर्टर आणि तालवादक एव्हलिन ग्लेनी यांनी केले आहे.

जॅझ आणि अभिजात संगीत या दोन्ही क्षेत्रांत मान्यता पावलेले ट्रंपेटवादक व संगीतकार विन्टन मार्सॅलिस यांचा ट्यूबा कन्चेर्टो फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये प्रथम सादर केला. एकल वादक अर्थातच जँच. चार भागांच्या या रचनेत ब्लूज, लॅटिन अमेरिकन नृत्यताल, शोकगीत आणि बीबॉप शैलीतील वेगवान जॅझ यांचा वावर आहे. वाद्यात फुंकता-फुंकताच घशातून दुसरा स्वर गायचा, म्हणजे एकाच वेळी दोन स्वर ऐकू येतात, या तंत्राचाही तीत वापर केला आहे. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरील ब्रास बँडमध्ये ट्यूबा हा तालाचा कणा असतो. मार्सॅलिस त्याच शहराचे असल्याने त्यांच्या लेखनात ट्यूबाला गंभीर आणि खेळकर ही दोन्ही रूपे सहज लाभली आहेत.

वाद्यवृंदाच्या औपचारिक पोशाखाबाहेर जँच यांचा आणखी एक उद्योग आहे. ‘ट्युब्युलर’ या नावाचा ट्यूबांचा एक बँड असून तो लोकप्रिय गाणी ट्यूबावर वाजवतो. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या काही कर्मठ रसिकांना हे थिल्लर वाटेल. परंतु जे वाद्य लोकांनी कधी जवळून ऐकलेलेच नाही, त्याची ओळख करून देण्याचा याहून सोपा मार्ग दिसत नाही.

अध्यापन

जँच यांनी येल विद्यापीठाच्या संगीत विद्यालयात आणि फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठाच्या बॉयर संगीत महाविद्यालयात ट्यूबाचे अध्यापन केले आहे. त्या यामाहा या वाद्यनिर्मिती कंपनीच्या मान्यताप्राप्त कलाकारही आहेत.

ट्यूबावादकांची जागतिक संघटना १९७३ साली स्थापन झाली तेव्हा इंग्रजी आद्याक्षरांतून ‘ट्यूबा’ हा शब्द तयार व्हावा म्हणून तिचे नाव जुळवले गेले आणि त्या नावात ‘बंधुसंघ’ या अर्थाचा शब्द आला. वेल्डन यांच्यासारख्या शिक्षिका त्या काळी विद्यापीठात शिकवत असतानाही कोणाला त्यात वावगे वाटले नसावे. पुढे हे नाव बदलून ‘इंटरनॅशनल ट्यूबा युफोनियम असोसिएशन’ असे करण्यात आले. या संघटनेच्या परिषदांतून आता स्त्री वादक एकल कलाकार म्हणून नियमित दिसतात. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील व्हेल्व्हेट ब्राउन यांचे नाव त्यांत विशेष उल्लेखनीय आहे. एकल वादक आणि शिक्षिका या नात्याने त्यांनी जँच यांच्याआधीपासून या क्षेत्रात स्थान मिळवले होते.